'आम्ही' आणि 'आपण' : एका फार वाजलेल्या गाण्याविषयी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही कामगार चळवळीविषयी, निदान महागाईविषयी तरी बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळवला तेव्हा चिटणीसांनी फोन करून पुन्हा एकदा विचारून घेतले, की आपण लिहिले आहे ते गाण्याचेच नाव ना? होय, गाण्याचेच. इंग्लंडात 'क्वीन' नावाचे चौघा तरुणांचे वाद्यवृंदमंडळ होते. त्याने 1977 साली एकाच तबकडीच्या दोन बाजूंना दोन गाणी काढली. एकाचे नाव 'वुई विल रॉक यू' आणि दुसऱ्याचे 'वुई आर द चॅम्पियन्स'. लोक त्यांना जोडगाणेच समजतात आणि एकापाठोपाठ एक लावतात. आम्हीही आज त्यांना एकच गाणे समजून बोलणार आहोत.

नाव ओळखीचे नसेल, पण गाणे तुम्ही ऐकले आहे यात शंका नाही. दोनदा पाय आपटायचा, एकदा टाळी वाजवायची आणि एक ठोका रिकामा सोडायचा. क्रिकेटच्या मैदानावर, शाळेच्या क्रीडादिनी, कंपन्यांच्या बक्षीस समारंभात, निवडणुकीच्या विजयी मिरवणुकीतसुद्धा हा ठेका वाजतो. इतका वाजतो, की संगीताचे जाणकार त्याचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालतात. चोथा झाला म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण देवळाची पायरी झिजली म्हणून कोणी देवळाला नावे ठेवीत नाही. तिच्यावरून कोण कोण चढले आणि काय मागायला चढले, हे विचारण्यासारखे असते. तेच आम्ही आज या गाण्याबाबत विचारणार आहोत.

आमचा अधिकार काय, तेही सांगून टाकतो. संगीतातले आम्हांला काही कळत नाही. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंत. पुढचे सगळे लेथ मशीनवर, युनियनच्या कचेरीत आणि नगरपालिकेच्या वाचनालयात झाले. इंग्रजी शिकलो ते कायद्याची पुस्तके आणि कंपनीची पत्रे वाचता यावीत म्हणून. आमचे वडील मुंबईच्या गिरणीत साचेवाले होते. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. अडीच लाखांच्या आसपास माणसे त्या दिवशी बाहेर पडली. तो संप रीतसर मागे घेतला असे आजतागायत कोणी जाहीर केलेले नाही. वडील मात्र दुसऱ्या वर्षी ट्रंक घेऊन सातारा जिल्ह्यातल्या गावी परत आले ते आलेच. पुढे आम्ही पोटासाठी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात गेलो आणि एका कारखान्यात मदतनीस म्हणून लागलो.

तेथे हे गाणे आम्हांला भेटले. साल 1990. टूलरूममध्ये एक गोव्याचा फिटर होता, वयाने आमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. रात्रपाळीला जेवणाच्या सुट्टीत तो कागदाच्या खोक्यावर टेपरेकॉर्डर ठेवून कॅसेट लावी. पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्हांला वाटले, पलीकडच्या शॉपमध्ये पॉवर प्रेस चालू झाला. आम्ही तसे म्हणताच तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "अरे, हा गाणारा तुझ्याच जिल्ह्यात शिकलेला आहे. पाचगणीला."

आमचा अर्थातच विश्वास बसला नाही. साताऱ्याकडच्या माणसाला कोणीही काहीही सांगून हसावे, अशी मुंबई-पुण्याकडे रीतच होती. पण गोष्ट खरी निघाली. या गायकाचे जगातले नाव फ्रेडी मर्क्युरी. घरचे नाव फरोख बलसारा. जन्म 5 सप्टेंबर 1946, झांझिबार बेटावर, पारशी कुटुंबात. वडील बोमी बलसारा तेथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलगा आठ-नऊ वर्षांचा झाला तेव्हा त्याला बोटीने हिंदुस्थानात पाठवले आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवले. तेथे तो पियानो शिकला. 1958 च्या सुमारास पाच मुलांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला, त्यात हा पियानोवर. 1963 साली तो झांझिबारला परतला आणि जानेवारी 1964 मध्ये तेथे क्रांती झाली. रक्तपात झाला, आणि बलसारा कुटुंब हाती लागेल ते घेऊन इंग्लंडला गेले. लंडनजवळच्या फेल्टम गावात त्यांनी बिऱ्हाड केले. म्हणजे ज्याच्या गळ्यातून पुढे जगाने विजयाचे गाणे ऐकले, तो मुळात घरदार सोडून आलेला, सावळ्या वर्णाचा, पुढे आलेल्या दातांवरून चिडवला गेलेला मुलगा होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी; पुढे तिचे काम आहे.

बाकीच्या तिघांची ओळख आम्ही कारागीर म्हणून करून देतो. ब्रायन मे हा गिटार वाजवणारा. बाजारातली चांगली गिटार घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून 1963 साली बापलेकांनी घरीच गिटार बनवायला घेतली. दांडीसाठी लाकूड घेतले ते जुन्या शेकोटीच्या चौकटीचे, मोडीत निघालेले. स्प्रिंगा घेतल्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या. स्वर हलवण्याच्या तरफेच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा बसवला. तारा छेडायला तो सहा पेनीचे नाणे वापरतो. हीच गिटार तो आयुष्यभर जगभर वाजवीत आला. जॉन डीकन हा बास गिटार वाजवणारा, इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत त्याला एक टाकून दिलेले सर्किट सापडले. त्याने ते साध्या स्पीकरच्या खोक्यात बसवून त्याचा ध्वनिवर्धक केला आणि त्यांच्या कित्येक ध्वनिमुद्रणांत तो वापरला गेला. रॉजर टेलर हा ढोल वाजवणारा. तो दंतवैद्यक शिकायला लंडनला आलेला. ज्याने मोडीतल्या भंगारातून जिग किंवा फिक्श्चर बनवले आहे, त्या माणसाला या मंडळींबद्दल आपोआप आपुलकी वाटते.

आता गाणे झाले कसे, ते पाहू. 1977 सालच्या वसंतात इंग्लंडातल्या बिंगली हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. कार्यक्रम संपवून हे आत गेले तरी लोक हलेनात. उभ्या उभ्या ते आपणच गाऊ लागले, आणि तेही यांचे गाणे नव्हे. तेथील फुटबॉलचे प्रेक्षक गातात ते गाणे. त्या रात्री मेच्या मनात विचार आला, की इतक्या दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसाला काय करता येईल? त्याला नाचता येत नाही, वाद्य धरता येत नाही. पाय आपटता येतो, टाळी वाजवता येते आणि गाता येते. बस्स. एवढ्यावर त्याने 'वुई विल रॉक यू' रचले. 'वुई आर द चॅम्पियन्स' मर्क्युरीने रचले, तेही लोकांनी बरोबर गावे अशाच हेतूने.

ध्वनिमुद्रण झाले ते लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत. ती इमारत पूर्वी चर्चची होती. तेथे पडलेल्या जुन्या फळ्या त्यांनी एकावर एक रचल्या आणि त्यांच्यावर पाय आपटले. तेच पुन्हा पुन्हा मुद्रित केले. मे हा पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी. ग्रहांमधल्या धुळीवरचा प्रबंध अर्धवट सोडून तो गिटारकडे वळला होता. तो प्रबंध त्याने 2007 साली पुरा करून डॉक्टरेट घेतली. हजार माणसे पाय आपटतात तेव्हा जवळच्याचा आवाज आधी पोचतो, लांबच्याचा मागाहून. म्हणून त्याने आवाजाच्या त्या आवृत्त्या किंचित किंचित अंतराने मागे सरकवल्या. ती अंतरे मूळ संख्यांच्या हिशोबाने घेतली, म्हणजे ती एकमेकांत मिसळून घुमणार नाहीत. मूठभर माणसांच्या पायांचा जनसमुदाय झाला. गाण्यात ढोल नाही, आणि अगदी शेवटी गिटार येते तोपर्यंत दुसरे वाद्यही नाही. म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही त्यालाही हे गाणे वाजवता येते. ते इतके का वाजते, याचे उत्तर आमच्या मते येथेच आहे.

आता मुद्द्यावर येतो. दोन्ही गाण्यांच्या नावांत पहिला शब्द 'वुई'. इंग्रजीत तो एकच शब्द आहे. आपल्या मराठीत मात्र दोन आहेत : 'आम्ही' आणि 'आपण'. तुम्हांला वगळून बोलायचे तर 'आम्ही', तुम्हांला धरून बोलायचे तर 'आपण'. ज्या भाषेत हा भेद नाही तिच्या गाण्यात तो ऐकणाऱ्याने आपल्या जागेवरून ठरवायचा असतो. कामगार पुढाऱ्याचे तर सगळे आयुष्य याच भेदावर चालते. मॅनेजरसमोर बसलो की आम्ही 'आम्ही' म्हणतो. गेटसभेत उभे राहिलो की 'आपण' म्हणतो. गेटसभेत ज्या दिवशी पुढाऱ्याच्या तोंडून 'आम्ही' निघायला लागते, त्या दिवशी ती संघटना खंगायला लागली असे खुशाल समजावे. आज या व्यासपीठावर आम्ही 'आम्ही' म्हणून बोलत आहोत ती भाषणाची जुनी रीत म्हणून. त्यात तुम्हांला वगळण्याचा हेतू नाही.

या गाण्यातला 'वुई' कोणता, हे आम्हांला एका टाळेबंदीत पाहायला मिळाले. कारखान्याचे नाव आम्ही घेत नाही. साल 1998, डिसेंबर महिना. वेतनकराराची बोलणी मोडली, कंपनीने टाळेबंदी जाहीर केली, आणि आम्ही गेटबाहेर मांडव घातला. ध्वनिक्षेपकाला परवानगी नव्हती. ढोलताशेही नकोत असे सांगितले होते. रात्री चाळीस-पन्नास माणसे बसत. चिंचवडची थंडी ज्यांनी हिवाळ्यात उघड्यावर सोसली आहे, त्यांना ती सांगायला नको. माणसे गप्प होत, आणि गप्प बसलेला मांडव सकाळपर्यंत निम्मा रिकामा होतो, हा सगळ्या चळवळींचा अनुभव आहे. एका रात्री तो गोव्याचा फिटर उठला. मालाच्या लाकडी पेट्यांच्या फळ्या शेकोटीसाठी आणून टाकल्या होत्या. त्यांतल्या चार त्याने खाली अंथरल्या आणि सेफ्टी बूट घातलेल्या पायाने तो ठेका धरला. दोनदा पाय, एकदा टाळी. पाच मिनिटांत सगळा मांडव तेच करीत होता. शब्द कोणालाच येत नव्हते. शब्दांच्या जागी जो तो आपापल्या खात्याचे नाव घालू लागला. प्रेस शॉप, पेंट शॉप, हीट ट्रीटमेंट. गेटवरचे रखवालदार पाहत राहिले. वाद्य नव्हते, तेव्हा जप्त करायचे तरी काय? अशा आम्ही एकाहत्तर रात्री काढल्या. त्या रात्री तो 'वुई' म्हणजे 'आपण' होता.

बहात्तराव्या दिवशी तडजोड झाली. तडजोड म्हणजे काय, तर पगारवाढ मागितली त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, आणि अकरा जण बडतर्फ ते बडतर्फच. इतरांच्या घरांत चूल पेटायला हवी होती, म्हणून सभेने बहुमताने सही करायला सांगितले. त्या संध्याकाळी आम्ही मांडव उतरवत होतो. भिंतीपलीकडे कंपनीच्या अतिथिगृहाच्या हिरवळीवर जेवणावळ होती, आणि तेथे मोठ्या आवाजात गाणे लागले : 'वुई आर द चॅम्पियन्स'. आमच्याबरोबर बांबू धरलेला एक वयस्कर मोल्डर होता. त्याने विचारले, "काय म्हणतंय रं ते गाणं?" आम्ही अर्थ सांगितला. तो म्हणाला, "म्हंजी जितलो म्हणत्यात. आन् आपुन इतकं दीस वाजवीत हुतो त्ये?" आम्ही सांगितले, की ते याच गाण्याची दुसरी बाजू. त्यावर तो काही बोलला नाही. बांबू खांद्यावर घेऊन चालू लागला.

भिंतीच्या अलीकडचा 'वुई' हा 'आपण' होता आणि पलीकडचा 'आम्ही'. तबकडी तीच.

आता कोणी म्हणेल, की गाण्याचा यात काय दोष? दोष नाही, पण एक खोच आहे. त्या विजयाच्या गाण्यात हरलेल्यांकडे पाहायला सवड नाही, असा एक भाव आहे. आमच्या घरात एक हरलेला माणूस रोज संध्याकाळी अंगणात खाटेवर बसत असे. गिरणीचा पासबुकवजा कागद त्याने शेवटपर्यंत पत्र्याच्या पेटीत जपला. त्याच्याकडे पाहायला सवड नाही म्हणणारे गाणे आमच्या गळी उतरायला वेळ लागला. आणि संघटनेचा इतिहास तर हरलेल्या लढ्यांनीच भरलेला आहे. मुंबईचा 1982 चा संप घ्या. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणकामगारांचा ऑगस्ट 1987 चा संप घ्या. तीन आठवडे चाललेल्या त्या संपात लाखो माणसे उतरली, हजारो कामावरून गेली, आणि पगारवाढीची मागणी पदरात न पडताच संप संपला. त्या दिवशी ते हरले. पण त्याच संघटनेचा त्या वेळचा सरचिटणीस सिरिल रामाफोसा पुढे 2018 साली त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. तो कसा राज्य करतो हा निराळा प्रश्न. आमचे म्हणणे इतकेच, की कोण जिंकले आणि कोण हरले याचा हिशोब जेवणावळीच्या रात्री करायचा नसतो.

दक्षिण आफ्रिकेचे नाव निघाले, तेव्हा या मंडळींवरच्या सर्वांत मोठ्या आक्षेपाकडेही वळले पाहिजे. आवडत्या माणसांचा हिशोब आधी मांडावा, अशी आमची रीत आहे. तेथे गोऱ्यांचे वर्णद्वेषी सरकार होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने 1968 सालीच त्या राजवटीशी सांस्कृतिक व्यवहार थांबवा असे जगाला सांगितले होते. इंग्लंडातल्या वादकांची संघटना, म्युझिशियन्स युनियन, 1893 साली मँचेस्टरमध्ये स्थापन झालेली. तिने आपल्या सभासदांना दक्षिण आफ्रिकेत कार्यक्रम करण्याची बंदी घातली होती. असे असता ऑक्टोबर 1984 मध्ये क्वीनने सन सिटी येथे कार्यक्रम केले. सन सिटी म्हणजे जुगारघर आणि हॉटेल. बोफुथात्स्वाना नावाच्या ज्या तथाकथित स्वतंत्र मुलखात ते होते, तो मुलूख काळ्या लोकांना त्यांच्याच देशात परके ठरवण्यासाठी उभा केलेला. बाहेरच्या एकाही देशाने त्याला मान्यता दिलेली नव्हती.

वाद्यवृंदाचे म्हणणे असे, की आम्ही राजकारणी नाही, ऐकायला येईल त्याच्यासाठी वाजवतो. हे म्हणणे आम्ही आमच्या आयुष्यात शंभर वेळा ऐकले आहे. संपाच्या दिवशी मागच्या दाराने आत जाणारा माणूस हेच म्हणतो, की मी राजकारणात पडत नाही, मी आपले काम करतो. तो वाईट माणूस असतोच असे नाही. पण बहिष्कार म्हणजे नुसते मत नव्हे. तो सगळ्यांनी मिळून धरलेला दोर असतो, आणि एकाने हात सोडला की भार बाकीच्यांवर पडतो. युनियनने या चौघांना दंड केला. आमच्या मते तो योग्य होता. त्यातली एक गोष्ट आम्हांला विशेष शिकण्यासारखी वाटते. दंड हा आपल्या माणसाला करायचा असतो. परक्याशी भांडण करतात, आपल्याला दंड करतात. नियम इतका मोठा असावा, की जगात सर्वांत गाजलेल्या सभासदालाही तो लागू पडावा, आणि दंड इतकाच असावा, की तो भरून माणसाला पुन्हा पंगतीत बसता यावे.

पुढच्याच वर्षी, 13 जुलै 1985 रोजी, इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर 'लाइव्ह एड' हा मोठा कार्यक्रम झाला. सुमारे 72,000 माणसे मैदानात होती. क्वीनला वीस-बावीस मिनिटे मिळाली आणि शेवट त्यांनी याच जोडगाण्याने केला. त्याची चित्रफीत आज कोणालाही पाहता येते. आम्ही ती आमच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात दाखवतो. गाण्यासाठी नव्हे, त्या माणसाचे हात पाहण्यासाठी. तो प्रत्येक ओळीला मैदानाकडे हात टाकतो आणि मैदान ते काम करते. सभा कशी धरावी याचा तो वस्तुपाठ आहे. पुढाऱ्याने कमी बोलावे आणि लोकांना करायला काहीतरी द्यावे.

आणखी एक गोष्ट पैशाची. पैशाचे बोलल्याशिवाय कामगार पुढाऱ्याचे भाषण पुरे होत नाही. सुरुवातीच्या काळात रेकॉर्डी खपत होत्या आणि या चौघांच्या हाती आठवड्याचा ठरीव पगार पडत होता. तो करार मोडून ते 1975 साली बाहेर पडले. पण भांडण बाहेरच्याशी संपले की घरात सुरू होते. गाणे ज्याच्या नावावर, त्याचे उत्पन्न त्याला, अशी पद्धत होती. तबकडीच्या मागच्या बाजूच्या गाण्यालाही पुढच्या बाजूइतकेच पैसे मिळत. त्यामुळे कोणाचे गाणे कोठे घ्यायचे, यावर वर्षानुवर्षे वाद झाले. अखेर 1989 सालच्या 'द मिरॅकल' या संग्रहापासून त्यांनी ठरवले, की गाणे कोणीही रचलेले असो, नाव चौघांचे आणि वाटा चौघांचा. त्या वेळी मर्क्युरी आजारी होता, हे जगाला माहीत नव्हते. संग्रहात जमा झालेले आयुष्य वाटून घ्यायला त्यांनी तो क्षण निवडला. 'आम्ही चौघे' म्हणणाऱ्यांनी शेवटी 'आपण' असे लिहून दिले, असे आम्ही समजतो.

तो आजार एड्स होता. 23 नोव्हेंबर 1991 रोजी मर्क्युरीने निवेदन काढून तो जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. अंत्यविधी पारशी पद्धतीने झाला. ज्याच्यापाशी धन होते, कीर्ती होती, त्यालाही आजाराचे नाव घ्यायला मरणाच्या आदल्या दिवसापर्यंत थांबावेसे वाटले. मग आमच्या कारखान्यातल्या माणसाची काय कथा! त्याच दशकात आमच्या एका सभासदाच्या आजाराची बातमी दवाखान्यातून शॉपमध्ये पोचली. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्याचे टेबल रिकामे. तिसऱ्या दिवशी त्याचे ताट वेगळे. वर्ष आणि खाते आम्ही सांगत नाही. युनियनच्या समितीतले आम्ही पाच जण आठवडाभर त्याच्या टेबलावर जेवलो. भाषण केले नाही, पत्रक काढले नाही. दुसऱ्या आठवड्यात टेबल भरले.

पुढे 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाने एका रोजंदारी कामगाराच्या बाबतीत निकाल दिला, की माणूस काम करण्यास समर्थ असेल आणि इतरांना त्याच्यापासून खरा धोका नसेल, तर केवळ या विषाणूची बाधा आहे म्हणून त्याला कामावरून दूर ठेवता येणार नाही. त्या खटल्यात कामगाराचे नाव नाही. त्याच्या जागी नुसती अक्षरे आहेत. न्याय मिळाला, पण नाव घेऊन उभे राहण्याची सोय समाजाने ठेवलेली नव्हती. 2017 साली या बाबतीत केंद्राचा कायदाही झाला. आम्हांला तो निकाल वाचताना नेहमी वाटते, की त्या अक्षरांआडचा माणूस आणि पाचगणीचा तो मुलगा यांच्यात अंतर फार नाही.

आणि आता दक्षिण आफ्रिकेच्या गोष्टीचा शेवट. 29 नोव्हेंबर 2003 रोजी केपटाऊनमध्ये एड्सविरुद्ध जागृतीसाठी मोठा संगीत कार्यक्रम झाला. कार्यक्रमाचे नाव होते '46664', म्हणजे नेल्सन मंडेला यांचा तुरुंगातला क्रमांक. बोलावणारे स्वतः मंडेला. आणि त्या मंचावर ब्रायन मे आणि रॉजर टेलर वाजवायला उभे होते. 1984 साली ज्यांनी दोर सोडला होता, त्यांना 2003 साली त्या दोरीचा मूळ धनी हाक मारतो, आणि ते जातात. जिंकलेल्या माणसाला सवड होती. मंडेलांना ती होती. त्यांनी गाण्यातली खोच काढून टाकली असे आम्हांला वाटते.

श्रोतेहो, हे सगळे आज तुम्हांला सांगण्याचे कारण आहे. आमच्या कारखान्यांत आज दोन रंगांचे गणवेश आहेत. निळा कायम कामगाराचा, करडा कंत्राटी कामगाराचा. काम एकाच पट्ट्यावर, एकाच नटाला दोन्ही बाजूंनी पाने लावून. पगार निम्म्याहून कमी. कँटीनमधल्या रांगाही दोन. वेतनकरार झाला की निळे गणवेशवाले पेढे वाटतात, 'आम्ही जिंकलो' म्हणतात. त्या वेळी करड्या गणवेशातला पोरगा हातात पेढा घेऊन उभा असतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न असतो जो त्या मोल्डरच्या तोंडी होता. गेली आठ वर्षे आम्ही आमच्या संघटनेत एकच ठराव पुन्हा पुन्हा मांडत आहोत : सभासदत्वाच्या अर्जावरून 'कायम' हा शब्द काढा. दोनदा तो पडला. गेल्या वर्षी थोडक्या मतांनी पडला. यंदा पुन्हा मांडणार आहोत. विरोध करणारे आमचेच मित्र आहेत, आणि त्यांची भीतीही खोटी नाही. भाकरी लहान, आणि तिचे तुकडे वाढणार, असे त्यांना वाटते. आम्ही त्यांना सांगतो, की भाकरी लहान राहिली आहे ती ताटे वेगळी असल्यामुळेच.

फार वाजलेले गाणे वाईट नसते. त्याच्यात लोक कोण, हे ठरायचे राहिलेले असते, म्हणून ते पुन्हा पुन्हा वाजते. उद्या तुमच्या मुलाच्या शाळेत, मैदानावर किंवा कोणाच्या जेवणावळीत तो ठेका ऐकू आला, तर पाय खुशाल आपटावा. मात्र 'वुई' हा शब्द आला की एकदा भिंतीच्या पलीकडे कोण उभे आहे ते पाहावे, आणि मग मराठीतला कोणता शब्द वापरायचा ते ठरवावे. आपल्या भाषेने ही सोय आपल्याला करून दिलेली आहे.